वाचलं.

"दादा, मी एक तारखेपासून वेगळ्या खोलीत राहायला जातेय... आणि अजून एक. पुढचे काही महिने मला वहिनीचे मेसेज नकोत."

रविवारची सकाळ होती. पाच वर्षांची चिंगी दुधावरची साय बोटाने कपाच्या कडेला सारत होती, तिचा बाबा टोस्टला लोणी लावत होता, आणि जिने हे वाक्य उच्चारलं ती बारकी, त्याची एकवीस वर्षांची धाकटी बहीण, मोबाइल टेबलावर पालथा ठेवून बसली होती. इतकी शांत, की जणू तिने मीठच मागितलं असावं! वहिनीच्या हातातली चहाची किटली हवेत तशीच थांबली. घर सोडून जाण्याची गोष्ट तिने कशीबशी गिळली असती, हल्ली सगळ्यांचीच मुलं जातात... पण मेसेज? तिचे?

"मेसेज नकोत म्हणजे?"

"म्हणजे नकोत. काही असलं तर दादा फोन करेल."

"अगं पण मी तुला लिहिते तरी काय? निघालीस का, जेवलीस का, स्वेटर घेतलास का..."

"काय लिहितेस ते नाही, वहिनी. कसं लिहितेस ते."

"कसं म्हणजे? माझ्या लिहिण्यात एक चूक काढून दाखव!"

बारकी हसली, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "तुझ्या लिहिण्यात चूक कशी असेल?" मग खोल श्वास घेऊन, पाठ केलेलं म्हणावं तसं ती म्हणाली, "यात तुझा दोष आहे असं मी म्हणत नाहीये. मी फक्त माझी मर्यादा सांगतेय. मला थोडी स्पेस हवीय."

एवढं बोलून ती उठली, आपला कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावलं. आवाजसुद्धा होऊ न देता! वहिनीला त्याच गोष्टीचा सर्वांत जास्त संताप आला. आपण या वयात दार आपटत होतो, भिंतीवरचं घड्याळ हलायचं, आई आतून शिव्या घालायची, आणि अर्ध्या तासात दोघी एकाच ताटलीतून खात बसायचो... आणि ही आजकालची मुलं! भांडत नाहीत, ओरडत नाहीत, नुसती मर्यादा सांगतात आणि हळूच दार लावून घेतात! त्या बंद दाराशी भांडायचं तरी कसं माणसाने?

"ऐकलंस ना?" ती नवऱ्याकडे वळली.

"जाऊ दे गं. ही पिढीच तशी आहे."

"कशी?"

"अशीच."

"अरे, तू तिचा भाऊ आहेस की तमाशा बघायला आलेला शेजारी? विचार ना तिला, माझं काय चुकलं!"

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवून 'आता दिसतंय का स्पष्ट?' असं विचारणारा तो भला माणूस घरातलं काहीही स्पष्ट दिसू लागलं की नेमका खाली बघायचा. आताही त्याने टोस्टकडे बघितलं. "तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही बुवा," तो म्हणाला.

बारा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिचं वय चोवीस होतं आणि बारकीचं नऊ. सासू-सासरे आधीच गेलेले. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी ती मुलगी हातात कंगवा घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली होती. एक शब्द न बोलता नुसता कंगवा पुढे केला होता, आणि त्या चिमुकल्या हाताकडे बघता बघता नव्या नवरीचं अंतःकरण असं काही भरून आलं होतं, की त्याच क्षणी तिने मनाशी शपथ घेतली... या पोरीवर कधी आवाज चढवायचा नाही. आई नसलेलं लेकरू आहे. आपण ओरडलो तर ती कुणाच्या कुशीत जाणार? आणि जिन्यातली माणसं काय म्हणतील, वहिनी आली आणि पोरीचे हाल सुरू झाले!

शपथ तिने पाळली होती. अक्षरशः पाळली होती! छापखान्यात ती प्रुफं तपासायची. त्याच वर्षी एका मोठ्या प्रकाशनाकडून तिला संपादकाच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं, पण तिथून घरी यायला आठ वाजले असते आणि बारकी चारला शाळेतून यायची. बोलावण्याचं पत्र तिने घडी घालून ठेवून दिलं आणि ती प्रुफंच घरी आणू लागली. एकीकडे बारकीचा पाढा आणि एकीकडे तिची लाल शाई... असे संसाराचे दिवस गेले. आणि आणखीही एक गोष्ट होती, जी तिच्या नवऱ्याखेरीज या जगात कुणालाच ठाऊक नव्हती. एका सकाळी वेणी घालून घेताना बारकीने सहज विचारलं होतं, "वहिनी, तुला बाळ झालं की मग मी कुणाची गं?" वहिनीच्या हातातली वेणी सुटली होती. उत्तर तिने काहीच दिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ती थांबली. एक नाही, दोन नाही, सहा वर्षं थांबली! नातेवाइकांचे टोमणे, डॉक्टरांचे पत्ते, 'अजून काही नाही का?' हे सगळं तिने हसून झेललं, आणि बारकी पंधरा वर्षांची होऊन मैत्रिणींत रमू लागली, तेव्हा कुठे तिने स्वतःच्या मातृत्वाला घरात यायची परवानगी दिली. चिंगी झाली. चिंगी बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्दही 'वैनी' होता, कारण ती तेच ऐकत होती दिवसभर!

आणि आज त्याच पोरीला तिचे साधे मेसेज नकोसे झाले होते... 'मर्यादा' म्हणे!

सोमवारी छापखान्यात तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाचं काम होतं आणि पानांची मांडणी करणारी मुलगी, बारकीहून दोनच वर्षांनी मोठी, कानात हेडफोन घालून पलीकडच्या खोलीत बसायची. वहिनीने सवयीप्रमाणे तिला मेसेज पाठवला: 'पान ४२ पाहिलं. तीन चुका. दुरुस्त कर.' आणि ती पुढच्या पानाकडे वळली.

दहा मिनिटांनी ती मुलगी समोर उभी. डोळे लाल.

"मॅडम, मी काम सोडू का?"

"का? काय झालं?"

"तुम्ही माझ्यावर किती चिडलाय... मला कळतंय. पण नकाशातली नदी माझ्याकडून चुकून उलटी वाहिली, मुद्दाम नाही केलं मी!"

"मी चिडले? अगं, मी कधी चिडले तुझ्यावर?"

"हे काय मग?" तिने आपला मोबाइल पुढे धरला. "'दुरुस्त कर.' टिंब!"

"टिंब? अगं बाई, तो पूर्णविराम आहे! वाक्य संपल्यावर देतात तो!"

"हो ना, मॅडम. पण मेसेजमध्ये वाक्य असंही संपतंच की, तुम्ही पाठवलंत की संपलं! वरून टिंब दिलं म्हणजे..." ती शब्द शोधू लागली, "म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. 'ठीक आहे' म्हणजे ठीक आहे. 'ठीक आहे टिंब' म्हणजे तू आता माझ्याशी बोलूच नकोस."

"हे कुठल्या व्याकरणात आहे?"

"कुठल्याच नाही, मॅडम. सगळ्यांना माहितीय."

वहिनी थक्क झाली. सगळ्यांना माहितीय! चौदा वर्षं तिने या छापखान्यात लोकांचे राहून गेलेले पूर्णविराम वेचून वेचून जागेवर बसवले होते, आणि इकडे एक अख्खी पिढी त्या टिंबाला घाबरत मोठी झाली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं! वेड लागायची पाळी होती. मोठ्याने हसावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी बारकीचं कालचं 'कसं लिहितेस ते' कानात वाजत होतं.

त्या मुलीची समजूत घालून तिला परत पाठवल्यावर तिने आपला मोबाइल उघडला आणि बारकीशी झालेलं सगळं लिहिणं मागे मागे वाचत गेली. 'बरं.' 'ये.' 'जेवण ठेवलंय.' 'उशीर झाला.' 'ठीक.' आजवर तिला ज्यात माया दिसत होती, तिथे आता परक्या डोळ्यांनी वाचताना तिला एका पाठोपाठ एक लावलेली दारं दिसू लागली. बारकीचं काम तरी काय होतं? एका कंपनीच्या ग्राहकांच्या लेखी तक्रारींना दिवसभर लेखी उत्तरं द्यायची. समोरच्याचा चेहरा नाही, आवाज नाही. टिंबावरून, अक्षरावरून माणूस किती चिडलाय हे ओळखायचं, याचं तिला चक्क शिक्षण दिलं होतं. आणि घरी अशी वहिनी, जी एकही टिंब विसरत नाही!

मग ती आठ महिन्यांपूर्वीच्या त्या मेसेजपाशी आली, आणि तिचा अंगठा थांबला.

तो लांबलचक मेसेज होता. बारकीने लिहिलं होतं, की ती एका समुपदेशकाकडे जायला लागलीय. की चिंगी झाल्यापासून तिला आतून काहीतरी वाटतं आणि ते बोलायची लाज वाटते. की सगळे चांगले वागतात, फार चांगले वागतात, पण मला या घरात मी पाहूणी आहे असं वाटतं, वहिनी. तुला कधी माझा कंटाळा येतो का? खरं सांग.

त्याखाली वहिनीचं उत्तर होतं: ''पाहुणी'तला हु ऱ्हस्व. वाचलं.'

"अरे देवा..." तिच्या तोंडून निघालं.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. छापखान्यातल्या बांधणीच्या खोलीत, कागदांच्या थप्प्यांमागे उभं राहून तिने तो मेसेज सात वेळा वाचला होता आणि सातही वेळा रडली होती. काय लिहावं कळेना. एवढ्या मोठ्या वेदनेपुढे शब्द पुढे करायचे म्हणजे... मग हातांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. चूक दिसली, ती दाखवली. आणि शेवटी तिच्याजवळचा सर्वांत मोठा शब्द तिने लिहिला. कारण छापखान्यात पानाच्या कोपऱ्यात तिने 'वाचलं.' लिहून सही केल्याशिवाय कुठलंही पान यंत्रावर चढत नसे. वाचलं म्हणजे अक्षर न् अक्षर माझ्या डोळ्यांखालून गेलं, आता याची जबाबदारी माझी. बोलणी बसली तर ती मला बसोत! आयुष्यात तिने यापेक्षा मोठं वचन कुणाला दिलेलं नव्हतं, आणि ते वचन त्या पोरीच्या पदरात असं पडलं होतं, जसा दगड पडावा!

मांडणीवाल्या मुलीने मागून डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "मॅडम... हे तुम्ही पाठवलंत?"

"तू जा, तुझी नदी सरळ कर," वहिनी म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला.

त्या संध्याकाळी तिने त्याच मुलीच्या देखरेखीखाली, टिंब न देता, बारकीला एक मेसेज लिहिला. 'बारके कशी आहेस आपण बोलूया का'. बोट आपोआप टिंबाकडे जाई, ती मुलगी मागून "नाही नाही!" करी. शेवटी एक हृदय घालायचं ठरलं आणि दाबताना शेजारचं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड गेलं! परत घ्यायला जावं तर ते कसं घेतात हे कळेपर्यंत दोन निळ्या खुणा उमटून गेल्या. उत्तर तिला आलं नाही, तिच्या नवऱ्याला आलं: 'दादा, वहिनीला सांग, मी विनंती केली होती. आणि थट्टा करू नको म्हणावं.'

मग समोरासमोर का नाही बोलली ती? एकाच घरात राहून! पण बारकी सकाळी लवकर निघायची, परत आल्यावर कानाला हेडफोन आणि दार बंद. वहिनी रोज त्या दाराशी जायची, टकटक करायला हात वर करायची... आणि तिला 'स्पेस' आठवायची. तिला मनस्वी चीड यायची. त्या शब्दाची, त्या दाराची, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेची. सगळं आयुष्य समासात बारीक अक्षरांत खुणा करण्यात गेलं होतं. मोठ्याने बोलायची वेळ आली की तिच्या तोंडचं पाणी पळे!

शनिवार उजाडला. चार वाजता टेम्पो येणार होता. वहिनीने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. बारकीच्या खोलीत सहा खोकी भरून तयार होती आणि ती सातव्याला चिकटपट्टी लावत होती, कर्र्र कर्र्र. आज दार उघडं होतं, कारण सामान बाहेर काढायचं होतं.

"बारके, तो तुझा मेसेज... पाहुणीचा..."

चिकटपट्टी थांबली. "नको, वहिनी."

"मी तो सात वेळा वाचला होता गं."

"माहितीय मला. तू लिहिलं होतंस तसं. 'वाचलं.'"

"अगं, आमच्याकडे वाचलं म्हणजे..."

"आमच्याकडे वाचलं म्हणजे दोन निळ्या खुणा!" बारकी उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तेवढं तर मोबाइलच सांगतो, वहिनी! त्याला माणूस लागत नाही! मी दिवसभर काय करते ठाऊक आहे? लोक चिडून वाट्टेल ते लिहितात आणि मी त्यांना लिहिते, 'तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं.' ज्याच्या पंख्याचं पातं वाकडं निघालंय, त्यालासुद्धा जगात कुणीतरी एवढं लिहितं! आणि मी... मी एवढा मनाचा हिय्या करून लिहिलं, तर मला ऱ्हस्व-दीर्घ?"

"मला काही सुचलं नाही... खरंच सुचलं नाही..." वहिनी म्हणाली.

"तुला कधीच काही सुचत नाही! तू माझ्याशी इतकी नीट वागतेस ना, वहिनी, इतकी नीट... जशी कर्तव्याची यादी समोर ठेवून एकेकावर खूण करत असतेस!"

कर्तव्य! वहिनीने दाराची चौकट धरली. आणि तेव्हाच, बारा वर्षांत कधी कुणाच्या मध्ये न पडलेला तिचा नवरा हातातलं खोकं खाली टाकून पुढे आला.

"बस कर, बारके! कर्तव्य म्हणतेस? तुझ्यासाठी हिने..."

"अरे, तू गप्प बस!" वहिनी ओरडली.

"नाही बसणार! बारा वर्षं गप्पच बसलोय! तू लहान असताना हिला विचारलं होतंस ना, तुला बाळ झालं की मी कुणाची म्हणून? तुला आठवतही नसेल. त्या एका वाक्यावर ही बाई सहा वर्षं थांबली! सहा वर्षं मूल होऊ दिलं नाही हिने! लोकांनी हिला वांझ म्हटलं, तेसुद्धा ऐकून घेतलं! चांगली संपादकाची नोकरी नाकारली, का, तर तू चारला घरी येतेस! आणि तू तिला..."

त्याचा आवाज फाटला. वहिनीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं... हे कधीच कळायला नको होतं! आता ही पोर जन्मभर उपकाराचं ओझं घेऊन फिरणार, माझ्याकडे बघताना मान खाली घालणार...

पण बारकीने मान खाली घातली नाही. ती पांढरीफटक पडली होती.

"खरं आहे हे?"

वहिनीने मान डोलावली.

"वहिनी, मी नऊ वर्षांची होते! नऊ वर्षांच्या मुली काहीही विचारतात! त्यावर थांबायचं नसतं, उत्तर द्यायचं असतं! 'माझीच' म्हणायचं असतं! तीन अक्षरं होती गं... तीन! ती तीन अक्षरं तुला बोलता आली नाहीत, म्हणून तू सहा वर्षं थांबलीस?" ती ओक्साबोक्शी रडू लागली. "आणि मी वेडी, इतकी वर्षं वाट बघत बसले, की कधीतरी कुणीतरी म्हणेल..."

वहिनीचं हृदय विदीर्ण झालं. तीन अक्षरं! केवढा मोठा त्याग तिने केला होता, आणि केवढी छोटी गोष्ट राहून गेली होती...

"तुम्ही लोक मुकाट्याने डोंगर उचलता," बारकी डोळे पुसत म्हणाली, "आणि आम्हाला नुसतं पाठ फिरवून उभं असलेलं माणूस दिसतं. आता एकदाच... एकदाच मी विचारलेल्याचं उत्तर दे. नीट नको देऊस. खरं दे. तुला माझा कंटाळा येतो का?"

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. रडून सुजलेले डोळे, गालाला चिकटलेला चिकटपट्टीचा तुकडा. आणि बारा वर्षांची शपथ तिच्या आतून कुठूनतरी तडकली.

"येतो!" ती म्हणाली. आणि मग तिला थांबता येईना. "येतो, येतो, येतो! तुझ्या चहाच्या अर्ध्या कपांचा येतो, खिडकीत रांग लावून ठेवतेस त्यांचा! भूक नाही म्हणून सांगतेस आणि संध्याकाळी बिस्किटांचा डबा रिकामा सापडतो, त्याचा येतो! 'मला बरं वाटत नाहीये' म्हणून दार लावून घेतेस आणि मी दिवसभर बाहेर बसून ठरवत राहते, की पोरीला ताप आहे, का पोट दुखतंय, का मन दुखतंय, त्या अंदाजांचा मला कंटाळा येतो! दर महिन्याला एक नवा शब्द आणतेस! तुझ्या खोलीत यायचं तर आधी मला बघावं लागतं, की माझ्या चपलांनी तुला ट्रिगर तर होणार नाही ना! तुला यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी गॅस बारीक करून जिन्यातली पावलं ऐकत उभी राहते, चार घरांच्या पावलांतून तुझं पाऊल ओळखते मी... आणि तू आत येऊन 'हाय' म्हणतेस! हाय! आणि जातेस निघून! मला कंटाळा येतो, बारके! चिंगीचाही येतो! या माणसाचा तर रोज संध्याकाळी येतो! घरच्या माणसांचाच येतो कंटाळा! पाहुण्यांचा आला, तर माणूस हसून आणखी एक कप चहा विचारतो!"

ती धापा टाकत थांबली. आपल्याच आवाजाने तिला घाबरायला झालं होतं. दाराआडून चिंगी डोळे विस्फारून आईकडे बघत होती.

"तू माझ्यावर ओरडलीस," बारकी हळूच म्हणाली.

"हो, ओरडले!"

"तू चिंगीवर दिवसातून दहा वेळा ओरडतेस." तिच्या डोळ्यांतून परत धारा लागल्या होत्या, पण या वेळी त्यांच्या आत कुठेतरी हसू होतं. "मी आत हेडफोन घालून बसते ना, त्यात पुष्कळदा काहीच चालू नसतं. मी ऐकत असते. 'चिंगे, पाय धुतलेस का? चिंगे, डोकं फिरलंय का तुझं?' मला वाटायचं, मला का नाही? मी एवढी काय चांगली आहे, की माझ्यावर आवाजसुद्धा चढवायचा नाही?"

"तुला आई नव्हती गं..." वहिनीच्या तोंडून कसंबसं निघालं. "मी ओरडले असते, तर तू कुणाकडे गेली असतीस?"

"तुझ्याकडेच आले असते ना! मी जाणार होते कुठे?"

वहिनीने दोन्ही हात पुढे केले, आणि एकवीस वर्षांची ती पोर दोन खोकी ओलांडून, तिसरं पायाने लाथाडून तिच्या मिठीत शिरली. नवऱ्याने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"तरी मी जाणारच आहे हं," बारकी तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "खोली घेतलीय मी. मला एकटं राहून बघायचंय."

वहिनीच्या काळजात कळ उठली. आता? आता, सगळं सापडल्यावर? नको जाऊस, हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते, आणि ते उच्चारले असते तर पोर थांबली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ते गिळून टाकले. पण या वेळी मुकाट्याने नाही गिळले.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," ती म्हणाली. "मला फार वाईट वाटतंय. तरी जा. तुला हवंय ना, जा."

बारकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जणू बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला एखादं अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. "मेसेज नको करूस," ती म्हणाली. "फोन करत जा. आणि चिडलीस, तर फोनवर ओरड."

"तुझी ती स्पेस?"

"राहील ती. मी सांगेन ना, आज नको म्हणून. तेव्हा पण ओरड."

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. त्याच वेळी दाराची घंटा वाजली. बारकीनेच जाऊन दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या काकू हातात निमित्त म्हणून आणलेली रिकामी वाटी घेऊन उभ्या होत्या. डोळे मात्र आत, खोक्यांवर, रडक्या चेहऱ्यांवर भिरभिरत होते.

"काय झालं हो? केवढा आवाज! बाहेरपर्यंत ऐकू येत होता... तुझ्यावर ओरडत होती का वहिनी?"

बारा वर्षं ज्या प्रश्नाला वहिनी भीत आली होती, तोच दारात उभा होता.

"हो," बारकी नाक पुसत म्हणाली. "अहो, घरचंच आहे काकू. तुम्ही बसा ना, चहा घेता का?"

काकू गोंधळल्या, 'नको नको' म्हणत वाटीसकट जिना चढून गेल्या. खाली दुसरा हॉर्न वाजला. "दहा मिनिटं थांबा हो!" बारकी खिडकीतून ओरडली आणि खोलीत परत येऊन, एका खोक्यावर मांडी घालून, वहिनीच्या अगदी समोर बसली.

"हं," ती म्हणाली, "बिस्किटांनंतर काय काय होतं? भरभर बोलत होतीस, मधलं नीट कळलं नाही मला. परत सांग."

वहिनीने बाहीने डोळे पुसले, आणि सुरुवातीपासून ओरडायला लागली.